दार अडवणारी गोदूबाय

माझ्या लग्नात गोदूबायने दार अडवलं, ते माझे पाय अजून विसरले नाहीत. गोदूबाय म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. करवलीने नव्या नवरीला उंबऱ्यावर अडवायचं, नाव घ्यायला लावायचं, हे सगळीकडेच चालतं. पण ही बया चौकटीला दोन्ही हात लावून उभी! मी नाव घेतलं, तर म्हणते, "मोठ्यानं! मागच्यांना ऐकू गेलं न्हाय." परत घेतलं. "आजून मोठ्यानं!" मागे भिवंडीजवळचं आमचं अख्खं कोन गाव हसतंय आणि माझ्या डोक्यात नुसता संताप. तेव्हापासून गावात कुणाचंही लग्न असो, दार अडवायला गोदूबायच. तिला दिलीही गावातच, त्यामुळे माझी सुटका नाही.

माझी लेक मृणाली मुंबईला प्रयोगशाळेत लागली, ते दोन हजार चारचं साल. सार्सची साथ नुकतीच देशोदेशी हिंडून गेली होती. त्याचा विषाणू, करोना म्हणतात त्याला, माणसाच्या पेशीत शिरतो आणि आत धुमाकूळ घालतो. मृणाली त्याला शिरूच न देणारं औषध शोधत होती, गोळीत मावेल असा एखादा छोटा रेणू. आता हे आत्याला कसं सांगावं? पोरगी म्हणाली, "आत्या, मला तुझ्यासारखी करवली शोधायचीय. पेशीच्या दारात उभी राहील अशी."

झालं! बाई अशी फुगली की विचारू नका. भिवंडीच्या निजामपुऱ्यात बाजाराला गेली तरी कुणालाही धरून सांगायची, "हमारी भाची मेरे जैसी दवा ढूंढती है." समोरचा बिचारा मान हलवून वाट धरायचा.

दर रविवारी तिचं एकच, "गावली का गं?"

"नाही गं आत्या. किती करवल्या उभ्या केल्या, सगळ्यांना ढकलून विषाणू आत गेला."

मृणालीने आम्हाला प्रयोगही समजावला होता. खरा विषाणू नाही, वरून तसाच दिसणारा, पण रोग न करणारा बनवून घेतलेला. तो पेशीत शिरला की पेशी उजळते. औषधाने अडवला, तर काळोख.

"म्हंजे तुला काळोख पायजे!" गोदूबाय म्हणाली. "मग येवढ्या लांब कशाला जातेस? भिवंडीत रोज लाइट जाते."

एका रविवारी पोरगी नाचतच घरी आली. एका औषधाने पूर्ण काळोख! एकही पेशी उजळली नाही. तिचे प्रयोगशाळेतले सर ते बंगलोरच्या परिषदेत सांगणार होते. गोदूबायने ऐकलं आणि अर्धा चहा टाकून गायब. संध्याकाळपर्यंत घरोघर पेढे वाटून आली.

पुढच्या रविवारी मृणाली आली ती तोंड पाडून. ताटावरून उठली. खोदून विचारलं तेव्हा बोलली. पेशी जिवंत आहेत का, हे तिने नंतर तपासलं होतं. त्या औषधाने पेशीच मेल्या होत्या. मेलेली पेशी उजळणार कुठून? आणि सर मंगळवारी निघणार.

"ते परत आले की सांगेन," ती म्हणाली. "आत्ता सांगितलं तर मला काढूनच टाकतील."

गोदूबाय कोपऱ्यात शेंगा सोलत होती. हातातली शेंग तशीच ठेवून तिने पोरीकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी मृणाली निघाली, तर दारात आत्या. दोन्ही हात चौकटीला.

"आत्या, बस जाईल माझी!"

"जाऊ दे. सरांना काय सांगणार, ते आधी मला सांग."

पोरगी रडकुंडीला आली. पुटपुटली, "सर, ते औषध पेशीच मारतं."

"मोठ्यानं."

"आत्या, प्लीज!"

"तुझ्या आयशीला पन सोडलं नवतं. मोठ्यानं!"

"सर, ते औषध पेशीच मारतं!"

गोदूबाय बाजूला झाली. पोरगी बाहेर पडताना तिच्या गालावरून हात फिरवला. मला भरून आलं, आणि याच बाईमुळे भरून आलं म्हणून रागही आला.

दुपारी मृणालीचा फोन आला. सांगितलं म्हणे. सर खूप ओरडले, मग भाषणातून ते काढून टाकलं आणि तिला पुढची औषधं लावायला बसवलं. मी देवापुढे साखर ठेवली. गोदूबाय मात्र मटकन खाली बसली.

"अगो बाय! माझं पेढं!"

निघाली बिचारी घरोघर. मीही मागोमाग गेले. अशी संधी कोण सोडतं? पहिलंच घर सावळारामचं. त्याच्या बायकोला हिने लग्नात रडेपर्यंत अडवलेलं. आज तीच दारात उभी होती, आणि उंबऱ्याबाहेर आमची गोदूबाय, पदराशी चाळा करत.

"ते पेढं चुकून वाटलं गं," ती हळूच म्हणाली. "औषध गावलं न्हाय आजून."

मी मागून ओरडले, "मोठ्यानं! मागच्यांना ऐकू गेलं न्हाय!"

तिने वळून माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागेच सरले. मग ती ताठ झाली, आणि अख्ख्या कोनला ऐकू जाईल असं म्हणाली, "औषध गावलं न्हाय! आमच्या पोरीनं सोता जाऊन सांगितलं!"