दोन्ही हातांनी गाऱ्हाणं

लालबागच्या त्या चाळीत गणपतीला गाऱ्हाणं घालावं ते धोंडू परबांनीच. नारळ दोन्ही हातांत धरून ते सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागत आणि शेवटच्या खोलीपर्यंतचे लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. बसची कंडक्टरी करून कमावलेला गळा तो! त्याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा?

त्याच गळ्याला कॅन्सर झाला. परळच्या इस्पितळात स्वरयंत्र काढलं, जीव वाचला, श्वास गळ्यावरच्या भोकातून सुरू झाला. त्या वर्षी गाऱ्हाण्याच्या वेळी धोंडू आतून कडी लावून बसले. पुढे डॉक्टरांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक इवलीशी झडप बसवली. अंगठ्याने भोक दाबलं की हवा झडपेतून वर जायची आणि आवाज फुटायचा. पहिला शब्द निघाला तो ‘लक्ष्मे’. लक्ष्मी म्हणजे त्यांची बायको. भांडणात मजलाभर कुणाला हार न जाणारी ती बाई इस्पितळाच्या बाकावर ढसाढसा रडली. तेव्हापासून रोज सकाळी बारीक ब्रशने ती झडप तीच साफ करायची.

आवाज मात्र जुना नव्हता, जाडाभरडा होता. पुढचा गणपती महिन्यावर आला तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी स्वप्नील बिचकत म्हणाला, “काका, तुमचं जुनं गाऱ्हाणं मोबाइलवर आहे. स्पीकरला लावू? उगाच टेन्शन नको.”

धोंडूंनी भोकावर अंगठा दाबला. “देवाक रेकॉर्ड ऐकवतंस रे? मी जित्तो आसंय!”

महिनाभर त्यांनी घरी तालीम केली, एक अंगठा गळ्यावर ठेवून. पण जित्याची खोड! आरतीनंतर नारळ पुढ्यात आला आणि त्यांनी तो नेहमीसारखा दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले, तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा गेली. मागे कुणीतरी चुकचुकलं. नारळ एका हातात धरून देवाकडे मागायचं? छे! ते त्यांच्याने होणारं नव्हतं.

स्वप्नीलचा हात स्पीकरकडे वळला. तेवढ्यात बायकांमधून लक्ष्मी उठली आणि पदर खोचून थेट पुरुषांच्या गर्दीतून पुढे आली. गाऱ्हाण्याला बाई पुढे उभी राहिलेली चाळीने आजवर पाहिली नव्हती. तिने आपला अंगठा नवऱ्याच्या गळ्यावर नेमका टेकवला.

“हां, घाला आता.”

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे गोळा झाली हत, तेंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्यांना दम घ्यायचा असला की ती अंगठा उचलायची, पुन्हा टेकवायची. एकदाही चुकली नाही. धोंडूंची मान ताठ झाली. गाऱ्हाणं संपत आलं तेव्हा त्यांनी आजवर कधी न घातलेली ओळ घातली, “आणि ही माजी लक्ष्मी, हिका...”

लक्ष्मी लाजली आणि तिने पटकन अंगठा काढून घेतला. धोंडूंचे ओठ हलत राहिले, शब्द एकही फुटेना.

“व्हय म्हाराजा!” अख्खी चाळ गरजली.