आण्णांचं खातं

माझ्या सासूबाई म्हाळसाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. निमोण्याला आमचं शेवंतीचं रान आहे. सासरे आण्णा होते तेव्हा शेतकऱ्यांच्या 'शिवारकट्टा' नावाच्या साईटवर कुणी शेवंतीचं काही विचारलं, की फोनमध्ये बोलून उत्तर टाकायचे. लिहायचा त्यांना भारी कंटाळा. ते गेल्यावर त्याच खात्यावरून आत्या बोलू लागल्या. फोन तोच, रान तेच. त्यात काही वावगं आहे असं आमच्या डोक्यातही आलं नाही.

मग एक दिवस खातं बंद. फोटो पुरुषाचा आणि आवाज बाईचा, तेव्हा हे बनावट खातं आहे, अशी कुणीतरी तक्रार केली होती. महिनाअखेर सगळं पुसलं जाईल, असा निरोप आला. सगळं म्हणजे आण्णांचा आवाजसुद्धा. तो दुसरीकडे कुठंच राहिलेला नव्हता. दुपारची भाकरी खाऊन झाली की आत्या त्यातलं एखादं उत्तर लावून ऐकायच्या. माझं डोकंच फिरलं. मी लगेच फेरतपासणीचा अर्ज केला.

साईटच्या माणसाने व्हिडिओ कॉल केला.

"खातं कुणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या," आत्या म्हणाल्या.

"ह्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

"ह्या माझ्या सुनंच्या, सोनमच्या सासऱ्यांच्या."

"नाव सांगा."

आत्यांनी पदर सावरला आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, मधे बोलू नका. आता रेशनच्या दुकानातसुद्धा आण्णांचं नाव सांगायला मी लागते, हे त्याला कोण सांगणार? खातेदाराचं नाव सांगता आलं नाही, म्हणून अर्ज फेटाळला.

त्याचा राग मी आत्यांवर काढला. "एकदा नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"लगीन झाल्यापून न्हाई घेतलं," त्या म्हणाल्या. "आता ते न्हाईत म्हणून घिऊ व्हय?"

मी फोन घेऊन ओसरीवर आले.

केडगावचे गेणबा आप्पा कट्ट्यावरचे जुने सभासद. आम्ही त्यांना कधी पाहिलेलंही नाही. त्यांना फोन करून मी सगळं रडगाणं ऐकवलं. त्यांनी त्याच दिवशी साईटवर लिहिलं, "आण्णांची जुनी उत्तरं नीट कान दिऊन ऐका. मधीच ते घरात हाक मारून इचारत्यात आन् आतनं एक बाई सांगती. तीच ही बाई हाय." त्याखाली पार दौंडपासून शिरूरपर्यंतच्या माणसांनी लिहिलं, की आम्हीपण ऐकलंय. त्या सगळ्यांचं देव भलं करो.

मग साईटच्या प्राची नावाच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. तिने बसून ती सगळी उत्तरं ऐकली होती. "मावशी, आतला आवाज तुमचाच आहे, माझी खात्री पटली. पण नियमाला नाव लागतं. तुम्हाला जमेल तसं घ्या, मी थांबते."

तिच्या त्या थांबण्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आत्या उठल्या, हातपाय धुऊन आल्या, डोक्यावरून पदर घेऊन फोनसमोर बसल्या.

"शेवंतीच्या वाफ्याला पाटाचं पाणी गार, मोबाईलवर बोलत्यात मल्हारराव फार."

प्राची आधी हसली, मग तिने डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत आण्णांचं खातं जसंच्या तसं परत आलं आणि आत्यांच्या नावाचं वेगळं खातं मिळालं.

आत्यांनी नव्या खात्यावरून पहिल्यांदा गेणबा आप्पांचे आणि सगळ्यांचे आभार बोलून टाकले. मग आण्णांचं एक जुनं उत्तर लावलं आणि फोन शेजारी ठेवून भाकरी थापायला बसल्या. आण्णा शेवंतीवरच्या रोगाबद्दल सांगत होते. मधेच त्यांनी हाक मारली, "आगं म्हाळसा, पाणी कवा सोडलं व्हतं गं?"

फोनमधल्या आत्या बोलायच्या आधीच चुलीपुढच्या आत्या बोलून गेल्या, "परवा. आन् दमा की वाईच, येतेच मी."