पाच कंपन्या आणि एक डेपो

बायकोच्या वडिलांना मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ती माझी बायको नव्हती, आणि होईल अशी चिन्हंही त्या दुपारी फारशी दिसत नव्हती.

मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेला. ती मूळची इथलीच, चामराजपेटची. तिच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नडचा मसाला सढळ. इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्या दोघांच्या कंपन्या एकाच इमारतीत होत्या आणि कॅन्टीन सामाईक. एकदा रांगेत उभं राहून मी फोनवर आईशी वाद घालत होतो, तर मागून आवाज आला, "स्वल्प पुढं सरका की, आमालाबी जेवायचं हाय." ओळख झाली ती अशी. पुढे मी कंपनी बदलून शेजारच्या इमारतीत गेलो, तरी जेवायला तिच्याच कॅन्टीनला जायचो. शेवटी तिनेच म्हटलं, आता अण्णांना भेट.

अण्णा म्हणजे तिचे वडील. सिटी बसचे ड्रायव्हर. त्यांनी माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि थेट विषयाला हात घातला.

"सर्विस किती झाली?"

"सात वर्षं."

"एकाच जागी?"

"नाही, पाच कंपन्या झाल्या," मी म्हणालो. जरा ऐटीतच म्हणालो, कारण आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे सांगताना मान ताठ होते.

अण्णांनी हातातला पेला खाली ठेवला. आवाज एकदम हळू केला. "सगळ्यांनी काढून टाकलं काय?"

"नाही, नाही! मीच सोडल्या."

"का? लई तरास द्यायचे काय?"

मी समजावून सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक नव्या कंपनीत पगार वाढतो, हुद्दा वाढतो. फार वर्षं एका जागी बसलं की लोकांना शंका येते, याला दुसरं कुणी घेत नाही की काय? अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या डेपोचं सांगितलं. नव्या ड्रायव्हरला सगळ्यात खटारा बस, सगळ्यात गर्दीचा रूट आणि शेवटची फेरी. वरचे लोक रिटायर होत जातात तसं आपण एकेक पायरी चढायचं. ज्येष्ठता आली की रूट आपण मागायचा. त्यांना हवा होता तो छोटा, घरावरून जाणारा, सकाळच्या पाळीचा रूट. तो मिळायला त्यांचे केस पांढरे व्हावे लागले.

"आणि तुमी पाच येळा पयल्यापासून सुरू केलंत?" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरीखुरी कीव होती. राग परवडला असता.

मग अट आली. आता आहे त्या कंपनीत दोन वर्षं पूर्ण करायची, त्यानंतर लग्नाचं बोलायचं.

"एक चालेल का?" मी विचारलं.

"मनात धा होती. लेक रडेल म्हणून दोन म्हणालो."

ती दारामागे होती. रडत वगैरे अजिबात नव्हती, तोंडावर ओढणी दाबून हसत होती.

दोन वर्षं हा काळ किती लांब असतो हे मला तेव्हा कळलं. नोकरीची आमिषं दाखवणारे फोन नेमके त्याच काळात वाढले. फोनवरची बाई पगाराचा आकडा सांगायची आणि मी म्हणायचो, "मॅडम, लग्न अडलंय." तिला वाटायचं मी आणखी आकडा वाढवून मागतोय. ती वाढवायची. तो फोन ठेवताना जिवाचं काय होत असे ते माझं मला ठाऊक.

इकडे टीममधले एकेक जण सोडून जात राहिले. दीड वर्षात माझ्या आधीपासून असलेलं कुणीच उरलं नाही. नवी मुलं येऊन विचारायची, हा प्रोग्राम असा विचित्र का लिहिलाय? मी खुर्चीत मागे रेलून सांगायचो, "त्याचं असं झालं, त्या काळी..." ऐन तिशीत मी गावचा म्हातारा झालो. आणि गंमत म्हणजे मला ते आवडायला लागलं.

दोन वर्षं झाली तेव्हा कंपनीने चक्क मला स्टेजवर बोलावलं, दीर्घ सेवेबद्दल टाळ्या वाजवल्या आणि कंपनीची निशाणी छापलेला एक मग दिला. तो घेऊन मी तडक चामराजपेटला गेलो. अण्णांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"दोन वर्साला बक्षीस? आमच्यात दोन वर्सांत नवा युनिफॉर्मबी मऊ पडत न्हाई." मग तो खाली ठेवून आत बघत म्हणाले, "सरी."

त्या एका 'सरी'वर, म्हणजे कन्नडमधल्या 'ठीक आहे'वर, आमचं लग्न झालं.

त्यानंतर काही वर्षांनी अण्णा रिटायर झाले. महिनाभर घरात बसले, तेवढ्यात सासूबाईंनी दोनदा माहेरी जायची धमकी दिली. मग अण्णांनी शाळेच्या व्हॅनवर नोकरी धरली. ती तीन आठवड्यांत सोडली. पुढे एका कारखान्याच्या मालकाची गाडी धरली, तीही सोडली. एका रविवारी आमच्या येलहंकाच्या घरी आले. म्हणाले, "व्हॅन धुवायला मलाच सांगायचे. का, तर मी नवा." आणि पुन्हा म्हणाले, "नवा!"

मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे पाहून ते गिळलं. अख्ख्या डेपोने ज्यांना अण्णा म्हटलं, त्यांना पोरंसोरं नवा म्हणत होती.

पुढे त्यांना चामराजपेटातल्याच एका मंगल कार्यालयात व्यवस्थापकाच्या हाताखाली काम मिळालं. योगायोगाने त्याच सोमवारी मीही नव्या कंपनीत रुजू होणार होतो. लग्नानंतरही मी जुन्याच कंपनीत टिकलो होतो, त्यामुळे नव्या कंपनीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "इतकी वर्षं एकाच ठिकाणी? काही अडचण होती का?" अण्णांचं नाव सांगायचा मोह मी आवरला.

रविवारी संध्याकाळी अण्णांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग जरा खाकरून म्हणाले, "पयल्या दिवशी काय करायचं असतंय? तुमाला अनुभव हाय."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी भरभरून सांगितलं. चहा कुठे मिळतो ते आधी शोधायचं. वॉचमनशी ओळख करून घ्यायची. कुणी चुकीचं करताना दिसलं तरी आठवडाभर गप्प बसायचं. आणि महिनाभर तरी, 'आमच्याकडे असं करायचे' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

"शेवटचं अवघड हाय," अण्णा म्हणाले.

सोमवारी मी दिवसभर नव्या लोकांची नावं विसरत होतो. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. अण्णा सकाळी दहाच्या आत ते वाक्य बोलून मोकळे झाले होते. दारात वऱ्हाडाच्या तीन बस एकमेकींत अडकल्या होत्या, अण्णांनी रस्त्यावर उतरून शिट्टी मारली, ड्रायव्हरांना डेपोच्या भाषेत चार शब्द सुनावले आणि सगळ्या ओळीत लावून घेतल्या. आता पार्किंग त्यांच्याकडे आहे. लग्नसराईत आम्हाला भेटायचं असेल तर आम्हीच तिकडे जातो. अण्णा गेटवर उभे असतात, आमची गाडी कुठे लावायची तेही तेच सांगतात, आणि जावई म्हणून सवलत देत नाहीत.