आईच्या गुडघ्याआड

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून गल्लीत पेढे वाटले गेले, पण नळाला थेंब नव्हता. नव्या कचेरीत टायपिस्टच्या जागा निघाल्या आणि मी घाबरले. मला टायपिंग येत होतं, हीच तर भानगड होती. येत नसतं तर भ्यायचं काय कारण?

क्लासमध्ये माझा हात सगळ्यांत जलद. सर बाकीच्या पोरींना माझ्या मागं उभं करून माझी बोटं दाखवायचे. पण सरकारी परीक्षा जवळ आली की मला एकच दिसायचं: घंटा वाजलीय, बोटं गोठलीत आणि सगळे म्हणताहेत, हिचा तोरा केवढा होता! नापास होण्यापेक्षा परीक्षेला न बसलेली हुशार पोरगी राहिलेलं बरं, असं माझं तर्कट.

टँकर सकाळीच यायचा. आईचा गुडघा धरलेला, म्हणून पाणी मीच भरायची. पहिल्या परीक्षेच्या दिवशी मी घागर घेऊन रांगेत जाऊन उभी राहिले. दुष्काळात पाणी सोडून परीक्षेला जा, असं कोण म्हणणार? दुसऱ्या वेळीही तेच केलं. शेजारणी म्हणाल्या, "पोरगी लई गुणाची हाय." कसली गुणाची डोंबलाची! मला माझीच लाज वाटत होती.

कचेरीच्या परीक्षेसाठी मात्र त्या चुकवलेल्या सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट लागणार नव्हतं, तिथंच टाइप करून दाखवायचं होतं. एवढी सोपी वाट पुन्हा मिळणार नव्हती. त्या सकाळी टँकरचा हॉर्न वाजला आणि माझ्या हातांनी आपसूक घागर उचलली. मी पळत सुटले.

रांगेत पाचवी होते. मागून कुणीतरी घागर ओढली. वळून बघते तर आई! भिंतीला धरत धरत आलेली, घामेजलेली, हातात माझं परीक्षेचं पत्र.

"पाणी मी भरते. तू निघ."

"अगं, तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं नाव काढू नको. माझ्या गुडघ्याआड किती लपशील? दोन बार गप बसले. आज न्हाई बसायची."

सगळी रांग ऐकत होती. जमीन दुभंगावी असं झालं मला. तिला ठाऊक होतं! मी पत्र घेतलं आणि ओल्या पायांनी चालत सुटले. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं.

हॉलमध्ये जाऊन बसले. घंटा झाली. पहिल्याच ओळीत तीन चुका झाल्या आणि झालं, मनानं लगेच नवं निमित्त काढलं: पोटात दुखतंय म्हण आणि ऊठ. मी खुर्ची मागं सरकवलीसुद्धा. निरीक्षकांनी विचारलं, "काय झालं?"

तेव्हा डोळ्यांपुढं आई दिसली, एका पायावर भार देत घागर उचलणारी. "काही नाही," म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढली. भीती कुठं गेली नव्हती. पण बोटं चालत होती. पान संपेपर्यंत मी उठले नाही.

घरी आले तर आई आडवी पडलेली, गुडघा टम्म सुजलेला. मी रडत म्हणाले, "आई, लई चुका झाल्या गं."

"चुकांचं इचारलं न्हाई. शेवटपतूर बसलीस का?"

"बसले."

तिनं डोळे मिटून घेतले. मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. चूल, मोरी, सगळं जागच्या जागी होतं. मी नसताना चारही घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या.