आधी भिजू दे

डॉ. सुजाता वाघमारे कुठलीही नवी वस्तू समोर आली की आधी ती पाण्यात बुडवत. कंपन्यांचे प्रतिनिधी टाय सावरत चकचकीत खोक्यातून काहीतरी काढायचे आणि मॅडम टेबलाखालून स्टीलचं पातेलं काढायच्या. त्यात कोमट पाणी. “आधी भिजू दे, मग बोलू,” एवढंच म्हणायच्या. त्यानंतर बरेचसे प्रतिनिधी फारसं बोलत नसत.

मीही त्यांच्यातलाच. फरक इतकाच, की ती वस्तू मी विकायला नेली नव्हती, स्वतः बनवली होती. त्यामुळे माझा अपमान जास्त अस्सल होता.

मॅडम पोटाच्या डॉक्टर. तोंडातून दुर्बीण आत घालायची, पोटातली जखम शोधायची आणि तिथल्या तिथे औषध द्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. आम्ही चारपाच इंजिनिअरांनी एका शेडमध्ये बसून त्यासाठी एक फवारा बनवला होता. दुर्बिणीच्या आतून एक बारीक नळी जाते. तिच्यातून पावडर फुंकायची. रक्त वाहणाऱ्या जखमेवर ती पडली की ओल शोषून तिची खपली होते आणि रक्त थांबतं. पावडर जुनीच होती, फवारा आमचा. मॅडमनी ‘हो’ म्हटलं तर तो रुग्णालयाच्या समितीपुढे जाणार आणि मग खऱ्या रुग्णांपर्यंत. ‘नाही’ म्हटलं तर शेडला कुलूप. हे आमच्या साहेबांनी मला गाडी स्वारगेटच्या सिग्नलला अडकलेली असताना फार प्रेमाने समजावलं होतं. सिग्नल मोठा असल्यामुळे दोनदा समजावलं.

पहिल्या भेटीत मी लॅपटॉपवर चित्रफीत दाखवली. गुलाबी पोट, त्यात गोलसर जखम, वर बर्फासारखी पडणारी पावडर.

“सुंदर आहे. कुणाचं पोट हे?”

“मॅडम, हे आपलं... नमुना म्हणून.”

“तेच म्हटलं. इतकं निर्मळ पोट मी पुण्यात पाहिलेलं नाही.”

मग नळीचं टोक पातेल्यात गेलं. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ओल लागताच पावडरीचा टोकाशीच रव्याच्या लाडवासारखा गोळा झाला होता. खपली उत्तम धरली होती, फक्त नळीला.

“रक्त थांबवतो म्हणालात,” मॅडम म्हणाल्या. “हा तर स्वतःच थांबला.” आणि मी लॅपटॉप बंद करत असताना, “पुढच्या वेळी बोकडाचं पोट आणा. पडद्यावर सगळेच शूर असतात.”

आता मी सदाशिव पेठेतला. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा रजेवर जातो. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून मी मटणाच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, “एक पोट द्या. चांगलं बघून.”

“वजडी? साफ करून देऊ?”

“हो, एकदम स्वच्छ.”

“पीस करू?”

भाजीवाली ‘सुरण चिरून देऊ का’ म्हणाली की आपण जे म्हणतो तेच मी म्हणालो. “बरं होईल.”

मॅडमनी पिशवी उघडली. बराच वेळ आत बघत राहिल्या. “अहो इंजिनिअर, दुर्बीण कुठल्या तुकड्यात घालू?”

ती वजडी त्या विश्रांतवाडीला घरी घेऊन गेल्या. “आमच्या आईने जन्मभर रांधली, पण कंपनीच्या खर्चाने पहिल्यांदाच.” दुसऱ्या दिवशी टेबलावर माझ्यासाठी डबा. “खाऊ नका हवं तर, वास घ्या. ज्याच्यावर प्रयोग करायचे त्याच्याशी ओळख असावी.” मी वास घेतला. आई हे वाचणार नाही असं धरून सांगतो, खाल्लंही.

पुढचं पोट अखंड आणलं, पण दुकान मॅडमच्या वेळेआधी उघडत नाही म्हणून आदल्या संध्याकाळी आणून ते फ्रिजमध्ये ठेवलं. श्रीखंडाच्या डब्यात. आणि सकाळी चतुर्थी. आईने डबा उघडला, तसाच मिटला आणि शांतपणे विचारलं, “हे काय आहे?”

“ऑफिसचं काम.”

“तुझ्या बाबांनीही जन्मभर ऑफिसचं काम घरी आणलं. त्याला कधी वास आला नव्हता.”

त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये स्वतंत्र फ्रिज आला. साहेबांच्या मते कंपनीची तेवढीच एक प्रगती.

अखंड पोटात फवारा चालला, म्हणजे कोरड्या पोटात. मॅडमनी त्यात तांब्याभर कोमट पाणी ओतलं आणि पुन्हा लाडू. मी जरा कुरकुरलो, की इतकं पाणी प्रत्यक्षात थोडंच असतं. मॅडम उठल्या. मला गाऊन चढवायला लावला आणि एका रुग्णाच्या वेळी कोपऱ्यात उभं केलं.

लोणी काळभोरकडचा माणूस. सांधे दुखतात म्हणून रिकाम्या पोटी गोळ्या खात राहिलेला, आता रक्ताच्या उलट्या. पडद्यावर पोट नव्हतंच. लाल रंगच होता, हलणारा. मॅडम पाणी मारत, ओढून घेत, पुन्हा मारत होत्या. एका क्षणी तळाशी कारंज्यासारखं काहीतरी दिसलं. “सुई बाहेर,” त्या म्हणाल्या, आणि दुर्बिणीतूनच सुई त्या कारंज्याच्या कडेला टोचून औषध सोडलं. कड फुगली. मग दुसऱ्या बाजूला. त्यांचा आवाज भाजीचा भाव विचारावा इतका साधा होता. मी मात्र मागची भिंत धरली होती.

“खाली बसा,” पडद्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. “पडलात तर तुम्हाला धरायला मला तिसरा हात नाही.”

मी फरशीवर बसलो. कारंजं मंदावलं, मग थांबलं. त्यावर त्यांनी चिमटा बसवला.

“बघितलंत? इथे फुंकायचंय तुम्हाला. या पुरात.”

बाहेर त्याची बायको उभी होती. “बरा हाय का वं?”

“बरा आहे. आता गोळ्या मला विचारून. शेजाऱ्याला विचारून नाही.”

त्यानंतर मी कुरकुरलो नाही. आम्ही नळीतून सतत हवा सोडून बघितली, टोकाला झाकण लावलं, झाकण काढलं, नळी बदलली. मॅडम दर वेळी शेडमध्ये यायच्या, पातेलं सोबत असायचं. “नाही,” म्हणून जायच्या. कधी एखादं वाक्य जास्त. “पोट हे काही शोरूम नव्हे.” साहेबांना मॅडमच्या गाडीचा हॉर्न ओळखू यायला लागला होता. तो ऐकला की ते चहा अर्धा टाकायचे.

आणि एका दुपारी फवारा चालला. पोटात कोमट पाणी, पंपाने सोडलेलं बोकडाचं रक्त, आणि तरीही पावडर जखमेवर नेमकी बसली. मॅडमनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा बसली. त्यांनी जागा बदलली, दुर्बीण वाकवली, आणखी करायला लावलं. बसली.

“हो,” मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. तो टेबलाच्या खणात कधीपासून होता, देव जाणे. मॅडमनी समितीसाठीचा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. आणि मी, ज्याने या एका शब्दासाठी बोकडांच्या कितीतरी पिढ्या बघितल्या होत्या, म्हणालो, “मॅडम, थांबा.”

शेवटच्या वेळी मला बटण दोनदा दाबावं लागलं होतं. सगळ्यांची नजर पडद्यावर, जखमेवर होती. अंगठा माझा होता. दुर्बीण वाकवली की नळीच्या वळणात काहीतरी क्षणभर अडत होतं.

साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. “अहो, एखाद वेळी होतं तसं!”

“ती एखादी वेळ कुणाची असेल?” मी म्हणालो. मला ती फरशी आठवत होती.

मॅडमनी पेनला टोपण लावलं. रागावतील असं वाटलं. त्यांनी दोन पेढे उचलले. “हे परत देणार नाही,” साहेबांना म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “बरं झालं. मला रोज या उन्हातून यायला नको. तुमच्याकडे घरचाच माणूस तयार झाला, ‘नाही’ म्हणणारा.”

त्या खरंच आल्या नाहीत. साहेब माझ्याशी पावसाळाभर कामापुरतंच बोलले, शेडचं भाडं भरायला त्यांनी गाडी विकली. वळणातली अडचण सापडली, सुटली. तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या. मी फोन केला.

“मॅडम, एकदा येऊन बघा. तुमचं ‘हो’ हवंय.”

“माझं देऊन झालं त्या दिवशी. आणि ते चुकीचं होतं.” हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. “तुमचं काय म्हणणं?”

मी तोंड उघडलं आणि शब्द येईना. पुरस्काराच्या भाषणात म्हणायची वाक्यंसुद्धा माझ्याकडे पाठ होती, पण हे एक अक्षर येईना. शेवटी म्हणालो, “जरा वेळ द्या, मॅडम.”

“घ्या की,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी मुबलक वेळ घेतला. मग ‘हो’ म्हणालो, आणि फवारा समितीपुढे गेला. आता शेडमध्ये नवं काही तयार झालं की पोरं ते आधी माझ्यापुढे आणतात. साहेब दारातूनच ओरडतात, “वाघमारे मॅडमना दाखवलं का?” मला ते चिडून असं म्हणतात. मी अजून एकदाही त्यांची चूक दुरुस्त केलेली नाही.