पाठ टेकली तेव्हा

माझी पाठ मॅटला लागली आणि मंडपात टाळ्या कडाडल्या. "चितपट! चितपट!" आमच्या जानेफळची माणसं कुस्ती बघत वाढलेली. पाठ लागली की विषय संपला.

पण ही कुस्ती नव्हती. जिउ-जित्सू होतं. मेहकरच्या क्लासात मी आणि पाटलांचा मुलगा सोबत शिकायचो. त्या दिवशी पाटलांनी गावात मंडप घालून आमची दोघांची लढत ठेवली होती. या खेळात पाठीवर पडूनही लढतात. खालच्यानं वरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घालायचा, घोट्यात घोटा अडकवायचा. याला गार्ड म्हणतात. ते पाय सोडवून ओलांडता आले नाहीत, तर वरच्याला काहीच मिळत नाही. मी स्वतःहून खाली गेलो होतो.

पाटलांचा मुलगा सुटायला धडपडत होता. मी कॉलर धरून त्याला खाली ओढत होतो. दम लागला तसा तो कानाशी म्हणाला, "खाली पडाची सवयच हाय तुमाले."

तुमाले. म्हणजे भीमनगरातल्या आम्हा सगळ्यांना. माझ्या बापालाही. बाप इस्त्रीचा शर्ट घालून मागं उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभा. तरुणपणी त्याला गावच्या तालमीत पाऊल टाकू दिलं नाही. बाहेर उभं राहून जेवढी कुस्ती दिसली, तेवढीच त्याला कळते.

वेळ संपली. माझा विळखा तसाच होता. गुण कुणालाच नाही. क्लासातले आमचे सरच पंच होते, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांनी पाटलांच्या पोराचा हात वर केला. मला हळूच म्हणाले, "समजून घे ना बे. मंडप त्यायचा हाय."

एवढ्यावरही पाटलांचं पोट भरलं नाही. ते स्टेजवरून ओरडले, "माह्या पोराले पाय लावते का बे?"

आणि माझा बाप धावत पुढं आला. हात जोडून म्हणाला, "पाय लागला त्याचा, मालक. चुकलं. माफी द्या."

मला रडू फुटलं. सगळ्या गावासमोर. हरल्याचं नव्हतं ते. त्या जोडलेल्या हातांचं होतं.

रडतच मी पुन्हा मॅटवर उताणा झालो. पाय वर उचलले. पाटलांच्या पोराला म्हणालो, "ये. हे पाय ओलांडून दाखव. मंग हात वर कर."

तो आला नाही. कुणीतरी लाऊडस्पीकर मोठा केला. मी उठलो तेव्हा बाप निघून गेला होता.

घरी तो भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी म्हणालो, "बा, मी हारलो नाही."

"पाठ लागली व्हती," तो म्हणाला. "म्या पाह्यलं."

त्याला आजही पटलेलं नाही. कधी पटेल असंही वाटत नाही, आणि ते मला आतून खातं.

मॅट मी सोडलेली नाही. पाठ टेकीन, माझ्या मर्जीनं टेकीन. पण कुणासमोर हात जोडणार नाही आणि पाय मागं घेणार नाही.