पाणी प्यायलेला डबा

दत्तू पगारे आज सकाळी गेला. त्याच्याबद्दल मी एका कागदावर खोटं लिहिलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका छोट्या कंपनीत मी सुपरवायझर होतो. धान्याच्या गोदामात कीड मारायला विषारी गॅस सोडायचं आमचं काम. पोत्यांच्या थप्प्यांवर ताडपत्री घालून आत गॅस सोडायचा, दोन दिवसांनी मास्क लावून ती ताडपत्री काढायची.

दत्तू आमचा सगळ्यात जुना कामगार. निफाडचा.
शाळा सातवी. पण मास्कचा डबा माझ्यापेक्षा त्याला जास्त कळायचा.

मास्कला पुढे एक पत्र्याचा डबा असतो. त्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा. त्याला डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक छिद्रं. हवा त्यातून जाते, गॅस छिद्रांत अडकतो, माणूस वाचतो.

पण हवा दमट असली की त्या छिद्रांत आधी पाणी जाऊन बसतं. मग गॅसला जागाच उरत नाही.

आणि आम्ही होतो घोटीत. ऑगस्टमध्ये.

तांदळाचं गोदाम. बाहेर चार दिवस झड. सील फोडलेले डबे आठवडाभर तिथेच खुंटीला टांगलेले.

डब्यावर तो नवा असतानाचं वजन छापलेलं असतं. दत्तूने त्यातला एक डबा तांदळाचे नमुने तोलायच्या तराजूत टाकला.

“साहेब, लय जड झालाय. पाणी प्यायलाय हा. ह्याच्यावर आत जाणं बरं नाय.”

“तारीख बघ ना. अजून वर्ष बाकी आहे.”

“तारीख सीलबंद डब्याची असती साहेब.”

नवे डबे मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. गोदामवाल्याचे ट्रक दारात उभे. तो सारखा घड्याळ दाखवत होता.

“मी नाय जाणार,” दत्तू म्हणाला. मग बरोबरच्या दोन कामगारांकडे बोट केलं. “आन् ह्या दोघांनाबी नाय जाऊ देणार.”

मी चिडलो. बीएस्सी केमिस्ट्री मी, आणि हा मला शिकवणार?

“मग मी जातो.”

गेलो.

पाऊस आत येऊ नये म्हणून एकच दार अर्धं उघडं होतं. या गॅसला वास जवळजवळ नसतोच. पहिली ताडपत्री ओढली, दुसरी ओढली. मग पाय माझे राहिले नाहीत. ताडपत्रीत अडकून पडलो.

दत्तू श्वास रोखून आत आला. मास्क न घालता.
माझा पाय सुटता सुटेना. तेवढ्यात त्याचा श्वास संपला, आणि त्याने तिथली हवा घेतली.
तरी मला बाहेर काढलंच.

मी चार दिवसांत बरा झालो. त्याचे हात तिसऱ्या दिवसापासून थरथरायला लागले. ते कधीच थांबले नाहीत.

कंपनीच्या मालकांनी रिपोर्ट मागितला. म्हणाले, “डब्याचा विषय नको. बाकी तुम्ही समजदार आहात.”

मी लिहिलं: कामगार निष्काळजीपणे, विनामास्क आत शिरला.
खाली सही केली.

त्याची नोकरी गेली. माझी राहिली.

दोनेक वर्षांनी धीर करून निफाडला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, शांताबाईंनी, दारातच विचारलं, “त्या कागदावर तुमचीच सही होती ना?”

“हो.”

त्या आत निघून गेल्या. दत्तू खाटेवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

“डबे बदलले का साहेब?”

“बदलले. आता पावसाळ्यात सील फोडलेला डबा दुसऱ्या दिवशी वापरत नाही.”

“बरं झालं.”

माफी मागायला गेलो होतो, ती मागता आली नाही. त्यानेही मला ते सोपं करून दिलं नाही. का द्यावं?

त्यानंतर मी गेलो नाही. कामं होती, मग वय झालं, मग लाज वाटली. सगळी कारणं आता सारखीच थकलेली आहेत.

आज त्याच्या मुलीचा फोन आला. तिने फक्त अंत्यविधीची वेळ सांगितली.

मालक गेले, कंपनी गेली, तो कागद कुठे असेल माहीत नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितो.

दत्तू पगारे निष्काळजी नव्हता. डबा निकामी आहे हे त्याने मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला वाचवायला तो आत आला.

खाली माझी सही समजा.

जय भीम, दत्तू.